कल्पिता नावाचं मशीन

४ जानेवारी
आले एकदाची दिवेआगरला. माणगावहून एसटीत खिडकी मिळाली, त्यामुळे प्रवास मजेत झाला. शाळेत संगणक शिकवायचा आहे. राहायला कमळमावशींच्या वाडीतली खोली मिळाली आहे. भोवती नारळ, पोफळी आणि गार सावली. आल्या आल्या मावशींनी शहाळं फोडून दिलं, जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. संस्थेचे अध्यक्ष हरेश्वरअण्णा स्वतः संगणकाची खोली दाखवायला आले. मशीन जुनी आहेत हे आधीच कळलं होतं, म्हणून मी त्यांच्यावरही चालणारं लिनक्स पेन ड्राइव्हवर घेऊनच आले होते. अण्णांनी चावी दिली आणि म्हणाले, क्रांतीबाई, आता खोली तुमची.

७ जानेवारी
लिनक्स सगळीकडे बसलं. बाकीची सॉफ्टवेअर मात्र नेटवरून उतरवायची, आणि नेट म्हणजे माझा फोन. तो खिडकीच्या गजाला बांधला तर थोडीफार रेंज येते. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर सकाळी लावलं. शाळेमागे फिरून आले, मुलांशी गप्पा मारल्या, चहा घेतला, तरी स्क्रीनवरचा टक्क्यांचा आकडा जागचा हलेना. मध्येच नेट तुटायचं, पुन्हा कमांड द्यायची. पण वैताग आला नाही. खिडकीतून सुरूच्या झाडांमागच्या समुद्राची गाज येत होती, ती ऐकत बसले.

८ जानेवारी
आज नवल झालं. टायपिंग, भूमिती, चित्रकला, सगळं बघता बघता उतरलं. फोन तर मी घरीच विसरले होते. स्क्रीनवर नीट पाहिलं, तर फाइली खोलीतल्याच एका मशीनवरून येत होत्या. मशीनचं नाव कल्पिता. आधीच्या कोणी हुशार बाईंनी नेटची रड ओळखून सगळं एकदाच उतरवून साठवलं असणार. मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. ते मशीन कुठलं, हे मात्र कळलं नाही.

९ जानेवारी
मशीन सापडलं. मोडक्या बाकांमागे, ताडपत्रीखाली, वर रंगानं कल्पिता लिहिलेलं. त्याला एकही वायर जोडलेली नाही. झाकण काढलं तर आत गंज आणि ओली वाळू. आणि समोरच्या स्क्रीनवर त्याच्याकडूनच फाइली येत होत्या. मी न मागितलेलं एक सॉफ्टवेअरही येऊन बसलं, लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारं.

घरी येऊन मावशींना ते नाव विचारलं. सुपारी सोलता सोलता त्यांचा हात थांबला. कल्पिता त्यांची मुलगी, शाळेत संगणक शिकवायची. वीस सालच्या वादळात त्याच खोलीत तिचा जीव गेला. मशीन झाकून ठेव म्हणून अण्णांनी तिला थांबवलं आणि दार उडू नये म्हणून बाहेरून कुलूप लावलं. नंतर गावाला सांगितलं, आत कोणी आहे हे ठाऊकच नव्हतं.

"तिनं मला फोन केलता," मावशी म्हणाल्या. "मी अण्णाच्या दारात गेले, चावी मागितली. तो म्हणाला, वारा थांबू दे. वारा थांबला तवा भित न्हवती, छप्पर न्हवतं, नुसतं समुद्राचं पानी."

रडल्या नाहीत. पुन्हा सुपारी सोलायला लागल्या.

१७ जानेवारी
आज संगणकाच्या खोलीचं उद्घाटन झालं. म्हणजे झालं नाही. अण्णांनी मुलांसमोर बटण दाबलं आणि स्पीकरमधून सपाट, यंत्राचा आवाज आला, "अण्णा, दार उघडा." मुलं हसली. आवाज पुन्हा तेच म्हणाला. मग पुन्हा. अण्णा हातातला नारळ तसाच घेऊन निघून गेले.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? त्यांचा चेहरा पाहून फार बरं वाटलं.

१८ जानेवारी
शाळेला सुट्टी. अण्णा हातोडा घेऊन आले, ते मशीन फोडायला. मला बाहेर थांबायला सांगितलं. ते आत गेले आणि दार लागलं. कुलूपही लागलं. मी लावलं नाही. पण चावी माझ्याच हातात होती.

ते ठोठावू लागले. मी उठले, तोवर मावशी आल्या. पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, बस.

मी बसले.

दाराखालून पाणी आलं, समुद्राचं. अण्णा आतून म्हणत होते, क्रांतीबाई, उघडा, पाया पडतो. मला मावशींची मुलगी आठवत होती, जिला मी कधी पाहिलं नाही. चावी मुठीत घट्ट धरली.

ठोठावणं थांबल्यावर उघडलं.

१९ जानेवारी
डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. तोंडातल्या वाळूबद्दल कोणी बोललं नाही. चावीबद्दल कोणी विचारलं नाही. मावशी पोटभर जेवल्या. मला घास उतरला नाही.

२० जानेवारी
माझा लॅपटॉप. नेट बंद, तरी काहीतरी उतरवतोय. कल्पिताकडून. थांबवलं, थांबत नाही. बॅटरी काढली तरी —

२१ जानेवारी
बोलली. तोच सपाट आवाज.

"बाई, चावी कोणाकडे होती?"

म्हटलं, तुझ्यासाठीच गं. तुझ्यासाठीच मी —

"आत माणूस ठोठावत होता."

२२ जानेवारी
सकाळची एसटी धरायची होती. बॅग भरली. दार उघडत नाही. कडी काढलेली आहे, बाहेर कुलूप नाही, तरी —

मी ठोठावतेय. पायाखाली पाणी.

मावशी बाहेर आहेत. धक्के मारतायत. रडतायत. त्या दिवशी रडल्या नव्हत्या.

पाणी गुडघ्याला. वही वर धरलीय.

मावशी तिला ओरडून सांगतायत — कल्पे, हिला सोड. हिची काय चूक न्हाय. हिला मीच बसवलं.

पाणी थांबलं.

आता लॅपटॉपमधून विचारतेय, "आई, तू बसवलंस?"

दार उघडलं. मावशी दारात उभ्या. हिच्या जागी मला घे म्हणत आत पाऊल टाकतायत. नको मावशी, बाहेरच थांबा, मी येते, मी —