पतंगवहीची नक्कल

३ जुलै २०१८

नक्कल ठेवावी की नाही? दिवसभर डोक्यात हेच! ‘पतंगवही’ फोनवर नेटशिवाय मस्त चालते — सापळ्यात आलेले बोंडअळीचे पतंग रोज मोजून आकडा तिच्यात टाकायचा, फवारा कधी मारायचा ते ती सांगते. ओपन सोर्स अ‍ॅप, फुकट! पण सापळा लावायचा कसा, आतली वासाची गोळी कधी बदलायची, ही सगळी माहिती तिच्या डॉक्युमेंटेशनच्या साइटवर. आणि आमच्या बीबी गावात नेट आज चौथ्या दिवशीही गायब! अख्खी साइट माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या मशीनवर उतरवून ठेवली — मिरर म्हणतात त्याला — तर आमच्या वायफायवर कोणीही वाचेल. गेल्या वर्षी गुलाबी अळीने गावाची कपाशी खाल्ली. यंदा सगळे सापळे घेऊन बसलेत.

शेजारच्या मोबाइल रिपेअरवाल्या आसिफला विचारलं. ‘‘इचार काय करून राह्यली? लायसन्स खुलं हाये ना? उतरव!’’

५ जुलै

नेट आलं! साइट चालवणाऱ्या सिंधूताईंना मेल टाकला. मलकापूरच्या निवृत्त विज्ञान शिक्षिका. अर्ध्या तासात उत्तर! ‘नक्कल जरूर ठेवा. पण दर रविवारी ताजी कराल का? शिळी नक्कल वाचून कोणाची कपाशी गेली, तर जबाबदारी तुमची.’

धडकी भरली. पण करीन. करीनच!

८ जुलै

उतरली! एकशे बारा पानं!! आसिफने जुना राउटर गच्चीवर बांधला, एसटी स्टँडपर्यंत रेंज जाते. समोरच्या सोजराकाकू पहिल्या वाचक. चार एकर कपाशी त्यांची. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून दोन तास वाचत होत्या. ‘‘हे त आपल्याच भाषेत हाये वं!’’ मी उगाच कॉलर ताठ केली, जसं काही मीच लिहिलंय.

१९ ऑगस्ट

नेट नाही. सलग तिसरा रविवार चुकला. देऊळगाव राजाला जाऊन पेनड्राइव्हवर आणता आलं असतं. कंटाळा केला.

२६ ऑगस्ट

शून्य! आठवडाभर सगळ्यांच्या वहीत शून्य पतंग! आसिफने पेढे वाटले. लोकांनी फवारा पुढे ढकलला. आमच्या मिररमुळे! मी नुसती उडतेय. नेट अजून नाही, चौथा रविवारही गेला.

२ सप्टेंबर

काकू सकाळीच आल्या, हातात डोमकळी — कपाशीचं न उमललेलं, पाकळ्या चिकटलेलं फूल. उकलून दाखवलं. आत अळी. ‘‘सापळ्यात काहीच नाई, अन् फुलात हे. काऊन वं?’’

तशाच शेतात गेलो. कपाशी माझ्या खांद्याच्या वर, आणि सापळा पानांत पार बुडालेला! साइटवर लिहिलंय, ‘जमिनीपासून चार फुटांवर.’ जुलैत ठीक होतं. काकू तडकल्याच. ‘‘चार फूट अन् चार फूट! झाड वाढते ना! सापळा कोन वर करीन?’’

त्यांनी सुतळी काढली अन् सापळा शेंड्याच्या हातभर वर बांधला. मी बाजूला उभी राहून रडले. चार रविवारांत ताईंनी हे पान नक्की सुधारलं असेल, आणि मी गावाला शिळं वाचायला दिलं. उद्या ताजी प्रत आणते आणि मग मिरर पुसूनच टाकते. माझ्याच्याने होत नाही.

३ सप्टेंबर

चौदा पतंग! एका रात्रीत चौदा!! काकूंनी गावभर ओरडून सांगितलं, दुपारपर्यंत सगळे सापळे वर चढले. फवारे सुरू. ‘‘अजून बोंडात गेली नाई ते. टाइम हाये,’’ काकू म्हणाल्या.

मी दुपारच्या एसटीने देऊळगाव राजा गाठलं. मूळ साइट उघडली — तिथेही ‘चार फुटांवर’!! दोनदा रिफ्रेश केलं. तेच! नक्कल शिळी नव्हतीच, मूळच चुकलेलं! तिथेच बसून सिंधूताईंना सगळं लिहिलं, काकूंचे शब्द जसेच्या तसे. मिरर पुसला नाही.

९ सप्टेंबर, पोळा

सिंधूताईंचं उत्तर. ‘तीन वर्षांत हे पान शेतात उभं राहून कोणी वाचलंच नाही. मीही नाही. आजपासून मूळ साइट बीबीला. नक्कल मी ठेवते, दर रविवारी ताजी करीन.’

काकूंना वाचून दाखवलं. बैलाच्या शिंगाला रंग देता देता त्या थांबल्या. ‘‘म्हंजे आता चूक झाली, त ते आपली?’’

हो काकू. आपली.