अक्षरं खाली, पाठ वर

बाबा, आज आपल्या तलासरीच्या दुकानात झाई गावची ती माझी वर्गमैत्रीण आली होती, लेकीचा नर्सिंगचा फॉर्म भरायला. मी फॉर्म भरला, कागद स्कॅन करून जोडले, स्क्रीनवर अर्ज जमा झाल्याचं आलं, तरी माझा हात माउसवरून उठेना. एकेक पान उघडून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. "अगं, किती वेळा बघशील? प्रिंट दे ना, बस जाईल माझी," ती हसत म्हणाली. मी तरी आणखी एक पान उघडलं.

तुमची वही अजून काउंटरच्या खणात आहे. फॅक्स आणलात तेव्हा इंग्रजी पुस्तिका घेऊन बसायचात आणि एकेक शब्द आपल्या भाषेत उतरवायचात. टोनर: शाईची भुकटी. ड्रम: अक्षर आधी ज्यावर उमटतं तो रूळ. हँडशेक: दोन मशिनी शिट्टी मारून एकमेकींची ओळख पटवतात ते. अच्छाडच्या नाक्यावरून आलेल्या ट्रकवाल्यांनाही तुम्ही हे ऐकवायचात. "शेठ, हाथ बाद में मिलाना, पहले कागज भेजो," ते म्हणायचे.

त्या दिवशी माझ्या या मैत्रिणीचे वडील सकाळीच तिचं होकाराचं पत्र ठेवून गेले होते. नर्सिंगला जागा मिळाली होती, होकार पाच वाजायच्या आत फॅक्सनं मुंबईला पोचवायचा होता. लाइन दिवसभर बिझी. चारला तुम्ही पोस्टात निघालात, म्हणालात, लाइन मिळाली की पाठव. मी सतरा वर्षांची, ऐटीत तुमच्या खुर्चीत. जुन्या मशिनीत कागद अक्षरं वर करून घालायचा, त्याच आठवड्यात आलेल्या नव्या मशिनीतही मी तसाच घातला. शिट्टी झाली, कागद सरकला, रिपोर्ट आला: ओके. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांनी तो रिपोर्ट कपाळाला लावला.

पंधरा दिवसांनी तेच दारात उभे. तिकडे कोरं पान पोचलं होतं, जागा दुसरीला गेली होती. "शेठ, हितं ओके लिवलंय ना?" माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "माझ्या हातून झालं, काका. कागद मीच उलटा घातला." मी झेरॉक्सच्या मशिनीमागे उभी राहून ऐकत होते. ती मग डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात लागली. घरी तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं.

तुम्ही गेल्यावर वही चाळली. 'ओके' पुढे लिहिलंय: समोरच्या मशिनीनं पान घेतलं, पानावर काय आहे ते मशीन वाचत नाही. आणि 'फीडर' पुढे: कागद आत घेणारं तोंड; अक्षरं खाली, पाठ वर. त्याखाली: पोरीला सांगायचं राहिलं.

ती ओळ मला बसू देत नाही. हे पत्र त्याच पानात ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे ठेवू?

बाबा, राहिलं नव्हतं. तुम्ही सांगितलं होतंत. पोस्टात निघताना पायरी उतरून परत वळलात आणि पुन्हा एकदा सांगितलंत. मी मान वर न करता "हो, हो" म्हटलं होतं. आज तिला हे सांगायचंच, असं ठरवलं होतं. तिच्या हातात प्रिंट दिली आणि म्हटलं, "पळ, बस आली बघ."