बाही निमुळती का झाली नाही

ती. मावशीस,

नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा या खेपेला वाकले असं समजून घे.) "हिला एकदा सांगून काही कळत नाही, आणि कळलं की ही ते दुसऱ्या कुणाला कळू देत नाही," असं तू एकदा आईला म्हणाली होतीस. मी चौथीत होते आणि तुझी लोकर माझ्या दोन्ही हातांवर ताणलेली होती, त्यामुळे कान झाकता आले नाहीत. तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला? फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून पत्र लिहिते आहे.

परवा तू पाठवलेला फोटो मी आधी फोन उलटा धरून पाहिला, मग सुलटा. काका दोन्ही हात पसरून उभे आणि हातांखाली हे एवढं निळं. मला वाटलं, तू नवी चादर दाखवते आहेस. (ह्यांना वटवाघूळ वाटलं. मनावर घेऊ नकोस, ह्यांचा चष्मा बदलायचा आहे.) मग खाली वाचलं, "तुझ्या नकाशाबरहुकूम स्वेटर झाला." लगेच तुला फोन लावला.

झालं काय ते सांगते. मलाही अजून नीट कळलेलं नाही, तुला सांगता सांगता कळलं तर बरंच. विणीचे नकाशे मी कोड लिहून कॉम्प्युटरकडून काढून घेते, हे तुला ठाऊक आहे. (लोकरीच्या दुकानवाल्या बाईंनी मला नकाशे काढायचं आणि तुला त्यावरून नमुने विणायचं काम दिलं तेव्हा, आमची पोर यंत्राकडून चौकटी भरून घेते, असं तूच सगळीकडे सांगत सुटली होतीस.) त्यात लूप म्हणजे, एक ओळ झाली की पुढची काढ, बाही संपेपर्यंत काढत राहा. आणि त्याच्या पोटात एक अट: ओळ सम असेल, तर दोन्ही टोकांना एकेक टाका कमी कर. खांद्याकडून मनगटाकडे बाही निमुळती व्हायला आणखी काय हवं? पण नकाशात आपण फक्त सुलट बाजूच्या ओळी दाखवतो, म्हणजे एक, तीन, पाच. लूपलाही मीच तसं सांगितलेलं. तो बिचारा एकाआड एक ओळ घेत चालला, प्रत्येक ओळीपाशी थांबून "ही सम आहे का?" असं इमानेइतबारे विचारत राहिला, आणि सम ओळ त्याच्या वाटेत कधी आलीच नाही. खांद्याशी जेवढी बाही, तेवढीच मनगटाशी. यंत्राने हूं की चूं केलं नाही. त्याच्या मते सगळं ठीकच होतं.

पण मावशी, बाही म्हणजे काय हे यंत्राला माहीत नाही. तुला माहीत आहे. कोपर गेलं, मनगट आलं, तरी तुझे हात थांबले नाहीत? मी फोनवर विचारलं तर म्हणालीस, "नकाशात नव्हतं गं. म्हटलं, आता अशीच फॅशन असेल." मागून काका, "चहात बुडते, एवढंच. बाकी उबदार आहे."

मी नकाशा दुरुस्त केला (जुन्या फाइलवरच, म्हणजे जुना गेला, हीही हुशारी माझीच) आणि बाईंकडे कबूल करायला दुकानात गेले. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "मावशींचा फोन आला होता. ओळी मोजताना चुकल्या म्हणाल्या. डोळे साथ देत नाहीत आता." मी म्हटलं, चूक माझी आहे, अट कधी खरी झालीच नाही, ओळी विषम होत्या. आणि दाखवायला काउंटरवर ठेवला तो माझा नवा, निर्दोष नकाशा, त्यात चूक दिसणार कुठून! त्या माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "मावशीवर फार जीव आहे हो तुमचा." आणि पुढच्या नमुन्याची लोकर दुसऱ्या कुणाला तरी बांधून दिली. माझ्यासमोर. तुझ्या नेहमीच्या पिशवीत.

बाकी इकडे सगळं ठीक. काकांना सांग, चहा पिताना बाह्या दुमडा.

तुझी,
गोंधळलेली भाची

ता. क. स्वेटर उसव म्हणणार होते, पण काका तो अंगातून काढत नाहीत असं कळलं. आवडला म्हणून की तुला वाईट वाटू नये म्हणून, ते तूच जाण.

आणखी एक ता. क. पत्र खरं तर एवढ्याचसाठी. बाईंना फोन कर आणि सांग, की तुझे डोळे धड आहेत, तू एकही ओळ चुकली नाहीस, भाचीचा नकाशा चुकला. त्या माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. माझं काम गेलं तर जाऊ दे, मी दुसरं शोधेन. तू फोन करणार नाहीस, मला माहीत आहे. तरी कर.