देव्हाऱ्यातले गाडीचे कागद

सिंधीपुरा, बऱ्हाणपूर
बुधवार, दुपार

प्रिय पंकज,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. माझी दोन वाक्यं होतात न होतात तोच ‘आई, तू बस इतना बोल देना’ म्हणून तुझी तीच टकळी सुरू होते. म्हणून लिहायला बसले. शीतल उद्या सकाळच्या बसने खंडव्याला माहेरी येते आहे, म्हणजे तू आठ दिवस तोंड लपवून बसला आहेस त्या तुझ्या सासरीच. तिच्या हाती हे देते. माझी तब्येत बरी आहे, जेवण तेवढं जात नाही. कणीक भिजवायला घेते आणि परात तशीच बाजूला सारते, का ते तुला माहीत आहे.

तुझ्या मामेबहिणीचं डोहाळजेवण आटोपून आपण तुकईथडहून निघालो होतो. गावाबाहेरच्या वळणावर धुरपदाबाई दळण घेऊन रस्ता ओलांडत होत्या, डोक्यावर पिठाचा डबा. तू ब्रेक दाबलास, मग सवयीने पुन्हा दाबलास. आपल्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की त्या गाडीचा ब्रेक दुसऱ्यांदा दाबल्याशिवाय लागत नाही. त्या बाईला कुठे ठाऊक होतं? ती आडवी झाली, पीठ उडून काचेवर आलं, आणि तू पहिलं काय केलंस? वायपर सुरू केलास. मी खाली उतरून तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोवर तू बंपर किती चेपला ते वाकून बघत होतास. पंकज, मला तुझी किळस आली. पोटच्या पोराबद्दल असं लिहू नये, पण आली ती आली.

आपल्या गल्लीतला गिरधर जीपमध्ये केळी भरून मागून येत होता म्हणून निभावलं. त्याने विचारपूस न करता अर्धी केळी रस्त्याकडेला उतरवली, बाईला आत निजवलं. मी तिच्याबरोबर बसले. तू ‘मागून येतो’ म्हणालास आणि आला नाहीस. चेकिंग चुकवायला नेहमी घेतोस त्या इतवाऱ्याच्या गल्ल्यांतून गाडी घरी आणलीस आणि तिच्यावर कव्हर घातलंस, हे मला शीतलकडून कळलं.

तू पळालास का, हे मला त्या रात्री देव्हाऱ्यापुढे बसल्यावर समजलं. बाबा गाडीचे कागद लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवायचे. पण ते दरवर्षी गाठ सोडायचे, विमा भरून नवा कागद आत ठेवायचे. ते गेल्यावर मी ते फडकं सोडायला घेतलं, तेव्हा तू म्हणालास, बाबांच्या हातची गाठ आहे, राहू दे ना. मला भरून आलं होतं रे! पोराला बापाची किती माया, असं चार बायकांना सांगितलं मी. मग दर दसऱ्याला मी त्या गाठोड्यावर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आपट्याचं पान ठेवलं, आणि एकदाही उघडून पाहिलं नाही. त्या रात्री उघडलं. विमा बाबांनंतर चार महिन्यांतच संपलेला. पंधरा वर्षं झाली की गाडी आरटीओत नेऊन तपासून घ्यायची, ती मुदतही केव्हाच टळलेली. बत्तीस वर्षं शाळेत मुलांच्या वह्यांवरच्या तारखा तपासल्या मी, आणि घरात सहा वर्षं संपलेल्या कागदांना ओवाळत बसले. तुझ्यावर संतापायच्या आधी मी स्वतःवर थुंकले, एवढं लक्षात ठेव.

तुला फोनवर विचारलं तर तू हसलास. ‘आई, यहाँ किसकी गाडी फिट है? सगळे असेच फिरवतात.’ आणि मग ती तुझी युक्ती. बाईला गिरधरच्याच जीपने आणलं, त्याचे कागद चोख आहेत, विमा चालू आहे. मग धडक त्याच्याच जीपची झाली, असं मी ठाण्यात सांगायचं. कंपनी भरपाई देईल, बाईचंही भलं, आपलीही सुटका. गिरधरचं काय, तर ‘त्याला मी समजावतो.’ ज्याने आपला माल रस्त्यावर टाकून तुझी घाण उचलली, त्याच्याच गळ्यात ती बांधायची! हे सुचतं तरी कसं तुला?

आणि तरीही खरं सांगते, मी ते वाक्य गॅसपाशी उभं राहून दोनदा म्हणून पाहिलं. दवाखान्यात पोलिसांनी विचारलं तेव्हाही ‘मला चक्कर आली होती, काही पाहिलं नाही’ असं बोलून मोकळी झाले होते. तू माझा एकुलता एक, काय करू?

काल धुरपदाबाईंना भेटायला दवाखान्यात गेले. मांडीत सळई घातली आहे. डॉक्टर म्हणतात, काठीशिवाय चालणं आता कठीण. तिला वळणानंतरचं काहीच आठवत नाही. तिचा नवरा देवराम मला पाहून उठून उभा राहिला. त्याला वाटतं मी गिरधरच्या जीपमधली सवारी. म्हणाला, ‘बाई, तुम्ही संगं व्हत्या म्हून वाचली ती. तुमचे लई उपकार.’ आणि घरच्या केळीची एक फणी माझ्या पिशवीत घातली. मी ती घेतली, पंकज. नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

हे पत्र तुला समजावायला लिहिलेलं नाही, ती वेळ गेली. आज अकरा वाजता मी ते लाल फडकं घेऊन ठाण्यात जाऊन आले. खोटं बोलले होते ते आधी सांगितलं, मग सगळं लिहून दिलं, देवरामलाही निरोप पाठवला. तुझा पत्ता त्यांनी विचारला, तोही दिला. परवा सकाळी ते खंडव्याला येतील. त्याआधी तू आपल्या पायांनी यावंस, एवढ्यासाठी हे पत्र. दार उघडं आहे, मी तुझ्याबरोबर ठाण्यात येईन. गाडी कोण चालवत होतं, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा मी तुझं पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, हा तुमचा कोण लागतो? मी टेबलावरच्या लाल फडक्याची घडी घालायला लागले. त्यांनी पेन खाली ठेवून पाण्याचा ग्लास पुढे केला. मी पाणी प्यायले आणि म्हटलं, लिहा, मुलगा आहे माझा.

तुझीच,
आई