पुढच्या खोलीतलं मशीन

३ नोव्हेंबर, सोमवार

सुरूच होईना! बटण दाबलं की पंखा घरघरतो, तीनदा टूं-टूं-टूं वाजतं आणि स्क्रीन काळी ती काळीच.

दीड वर्ष पुढच्या खोलीतल्या या कॉम्प्युटरला कुणी हात लावला नव्हता. आज लावला तो घड्याळजींच्या मुलीमुळे. घड्याळजी म्हणजे चौकात डोळ्याला भिंग लावून बसायचे ते. आयुष्यभर दुरुस्त केलेल्या घड्याळांबद्दल त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं, आणि ते ताईने टाइप करून दिलं होतं. तेरा वर्षं झाली त्याला. आता ते नाहीत. छापलेली एकुलती एक प्रत घर बदलताना भिजली, पार लगदा झाला. वहीचा तर पत्ताच नाही. "तुमच्याकडे असेल ना हो कुठेतरी?" मुलगी दारातूनच म्हणाली. आत यायलाही घाबरत होती, मी नाही म्हणेन म्हणून. मी म्हटलं, असणारच, ताई काही पुसून टाकत नाही. ऐटीत म्हटलं. आणि आता हे!

बटणाशी झटापट चालली होती, तर आतल्या खोलीतून ताईचा आवाज — "तीनदा वाजलं ना? रॅम सैल झालीय."

बस्स, एवढंच. पण चार दिवसांत ती आपणहून बोलली ती हीच पहिली गोष्ट.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कॅबिनेट उघडलं. आत धुळीची गोधडी! ताई पलंगावरून सांगत होती, मी करत होते. रॅमची पट्टी काढ. सोनेरी दात खोडरबराने पुस. हळू. आता दोन्ही अंगठ्यांनी दाब, कट्ट झालं पाहिजे. झालं कट्ट. आणि सुरू झालं!

नऊ मिनिटं लागली. तारीख दाखवतंय एक जानेवारी दोन हजार दहा. आतला सेल मेलाय. "ताई, आपण पंधरा वर्षांनी लहान झालो," मी म्हटलं. हसली की नाही कळलं नाही, तोंड भिंतीकडे होतं.

घड्याळजींची फाइल सापडली. पण उघडायला गेले तर सगळं गोठलं. माऊससुद्धा हलेना.

वाट बघत तिथेच बसून राहिले. या खोलीत किती गजबज असायची! आधी दोन टाइपरायटर होते, खिडकीखाली. मी एकोणीस वर्षांची, ताई सव्वीस. माझ्या हातांवर टॉवेल टाकायची आणि म्हणायची, "बघायचं नाही. बोटांना माहीत असतं." मग हे मशीन आलं तेव्हा आम्ही दोघी त्याच्यासमोर नवीन सुनेसारख्या अवघडून बसलो होतो. आठवड्याभरात ताईने त्याला वठणीवर आणलं. मग अर्ज, प्रबंध, लग्नाची कार्डं, हरवल्याच्या जाहिराती! लोक बाकावर बसून मजकूर सांगायचे आणि ताई त्यांच्याकडे बघत टाइप करायची. पडद्याकडे नाही, बोटांकडे नाही — त्यांच्याकडे. एकदा एक माणूस राजीनामा सांगायला आला होता. ताई मध्येच थांबून म्हणाली, "खरंच द्यायचाय का?" तो उठून गेला. पुढच्या वर्षी पेढे घेऊन आला, बढतीचं पत्र दाखवायला.

काचबिंदूने ते डोळे नेले. आधी कडा गेल्या, मग मधलं. शेवटचं काम दीड वर्षापूर्वी. पाटी मीच उतरवली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

भाच्याचा फोन. "धाकटी आत्या, भंगारात द्या ते! लॅपटॉप पाठवलाय ना मी?" पाठवलाय की. गुणी आहे पोरगा, जीव आहे त्याचा आमच्यावर. पण ताईने त्यावर एकदाच बोटं ठेवली होती. म्हणाली, "हे काय, बशीवर टाइप करायचं?" तेव्हापासून तो कपाटात, प्लॅस्टिकसकट.

१० नोव्हेंबर, सोमवार

दुरुस्तीवाला आला. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. कॅबिनेटला कान लावून बसला, डॉक्टरच जसा! "हार्ड डिस्क कण्हतेय," म्हणाला. "आज नाही तर उद्या जाणार. आधी आतलं सगळं बाहेर काढू, मग बाकीचं."

काढलं. दोन तास लागले. ताईची चौदा वर्षं पेन ड्राइव्हच्या बोटभर काडीत मावली.

मग त्याने यादी सांगितली. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी, दोनच्या जागी आठ जीबी रॅम, नवा सेल, वीजपुरवठ्याचा डबाही बदलायचा. जुन्या सिस्टिमला आता कुणी विचारत नाही, तिच्या जागी हलकीफुलकी लिनक्स. "बॉडी दणकट आहे हो, मॅडम. असलं पत्र्याचं काम आता येत नाही."

मी म्हटलं, मुख्य म्हणजे हा की-बोर्ड राहिला पाहिजे, ताईच्या हाताचा आहे. तर तो म्हणतो, "की-बोर्ड काय, लॅपटॉपलाही जोडून देईन. एक पिन लागते फक्त."

माझा चेहरा पडला असणार. एवढी साधी गोष्ट! मला कशी सुचली नाही? "मग हे कशाला ठेवायचं?" त्याने विचारलं. चांगल्या मनानेच विचारलं.

आतून ताई ओरडली — "कारण ते माझं आहे!"

तो दचकला. मग दाराशी जाऊन डोकावला. ताईचे डोळे बघितले त्याने. आणि म्हणाला, "मोठ्या मॅडम, दिसत नाही तर ऐका की. मशीन वाचून दाखवतं आता."

ताईने भिंतीकडचं तोंड वळवलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पंचवीस सेकंद! मोजले मी. नऊ मिनिटांवरून पंचवीस सेकंद!

दुरुस्तीवाल्याने सकाळपासून ठाण मांडलं होतं. सगळ्यात जास्त वेळ गेला तो ताईच्या बोटांसाठी. टाइपरायटरची जी अक्षरं जिथे असायची तिथेच हवीत, एकही इकडची तिकडे नको. मोठ्या खटपटीने तोही लेआउट सापडला. आणि मग त्याने तो आवाज चालू केला. प्रत्येक कळेला बोलतो, ओळ संपली की ओळ वाचतो.

ताईला हाताला धरून आणावं म्हणून मी वळले तर ती दारात उभी! भिंत चाचपत स्वतः आली होती. खुर्चीत बसली. बोटं कळांवर ठेवली. दोन कळांवर जरा उंचवटे आहेत, ते शोधले. मग टाइप केलं — एक ओळ, न थांबता. मशीन म्हणालं, "चमचा चांदीचा आहे."

पण कसं म्हणालं! च्यम्च्या! ताई एवढी हसली की खोकला लागला. "अरे, याला च म्हणता येत नाही!" मग जग, जहाज, जाऊ, चाक, चोर... सगळे च आणि ज त्याच्याकडून वदवून घेतले. दुरुस्तीवाला पण खो-खो हसत होता. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

१६ नोव्हेंबर

ताईचं मत: आवाज सर्दी झालेल्या कारकुनाचा आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वाईट दिवस.

घड्याळजींची फाइल उघडली. जुना फॉन्ट टाकून घेतला होता. पडद्यावर काय सुरेख उमटली सगळी पानं! ताईने आखलेले समास, ठळक मथळे, जसंच्या तसं. मी आनंदाने म्हटलं, "ताई, ऐक." आवाज चालू केला.

"एस. कंस. डॉलर. क्यू. क्यू. टक्के."

पुढची ओळ तशीच. पान बदललं, तेच. दुसरी फाइल, तेच. दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, त्या काळचे फॉन्ट म्हणजे सोंग हो मॅडम, वरून मराठी चेहरा, आत इंग्रजी चिन्हं. मशीन आतलं वाचतं.

म्हणजे माझ्या डोळ्यांना मराठी, आणि ताईच्या कानांना केरकचरा.

तिने दहा मिनिटं ऐकलं. कान देऊन, मान खाली घालून. मग म्हणाली, "चौदा वर्षं मी हे लिहिलं?" उठली आणि आत गेली. टेबलाचा कोपरा लागला तिला. मी धरायला गेले तर हात झटकला.

२३ नोव्हेंबर

बोलत नाही. जेवली नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मी बोलू नये ते बोलले. "तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं!" म्हटलं. ताई शांतपणे म्हणाली, "माझ्यासाठी? तुला पुढची खोली परत हवीय."

लागलं. कारण खरं आहे. मला तो बाक हवाय, ती गर्दी, तिचा टकटकाट. मला ताई हवीय ती तेव्हाची. आत्ताच्या ताईला काय हवंय ते मी विचारलंच नाही.

संध्याकाळी विचारलं. पलंगावर तिच्या पायाशी बसून. म्हणाली, "कुणाच्या तरी उपयोगी पडायचंय. बाकी काही नाही."

१ डिसेंबर, सोमवार

दुरुस्तीवाला न बोलावता आला! आठवडाभर शोधत होता म्हणे. जुन्या फॉन्टचा मजकूर खऱ्या मराठीत बदलणारा एक प्रोग्राम मिळालाय. लावला. मशीन वाचू लागलं — शब्द! पण धड नाहीत. रफार भलत्याच अक्षरावर, वेलांट्या एक घर सरकलेल्या, ळ कुठे आहे तर कुठे नाही. "सूर्य"चं काहीतरी भयंकर झालंय. त्याने चाचरत सांगितलं, "पानं एकशे चाळीस आहेत. एकेक चूक हाताने काढावी लागेल, मॅडम. डोळ्यांनी वाचणाऱ्याचंसुद्धा डोकं उठेल."

ताई दारात. "डोळ्यांनी वाचणारा चुका गिळतो," म्हणाली. "कान गिळत नाही. सरका."

९ डिसेंबर, मंगळवार

रोज सकाळी नऊला बसते. पाठ ताठ. दिवसाला आठ पानं. कारकून वाचतो, ती थांबवते, खोडते, लिहिते, पुढे. मला हाक मारते ती फक्त मूळ पानावर काय दिसतंय ते विचारायला. मी वाचून दाखवते. त्यातही चुका काढते, माझ्या!

आज ऐकलेलं घड्याळजींचं एक वाक्य: "बंद घड्याळ घेऊन येणारा माणूस आधी मला विचारतो, हे चालेल का, आणि मग मी उत्तर देण्याआधीच ते कुणाचं होतं ते सांगू लागतो." टाइप करताना तेव्हा लक्षातच आलं नव्हतं, ताई म्हणाली. बोटं धावायची, मजकूर मागे राहायचा. आता कळतंय म्हातारा काय लिहीत होता.

२० डिसेंबर, शनिवार

संपलं! आणि घड्याळजींची मुलगी आली न्यायला.

छापील पानं हातात दिली. ताई म्हणाली, "थांबा, आधी ऐका." पहिलं पान लावलं. कारकुनाच्या त्या सर्दट आवाजात तिच्या वडिलांचं बोलणं! मला धास्ती, की हिला हसू येईल. तिने ओढणी तोंडावर धरली आणि रडली. मग डोळे पुसून ताईला म्हणाली, "हे तुम्ही — असं ऐकून — सगळं?"

"बोटांना माहीत असतं," ताई म्हणाली. "ऐकायला मात्र शिकावं लागतं."

मग ती सांगू लागली. दुसऱ्या शहरात राहते, तिथल्या डोळ्यांच्या इस्पितळात ऑफिसात काम करते ती. मोठेपणी नजर गेलेली माणसं येतात. औषध संपतं, आणि डॉक्टरांच्याही हातात काही उरत नाही. माणसं घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसतात. इस्पितळाने एक खोली दिलीय, सहा कॉम्प्युटर दिलेत. "शिकवणारे येतात, पण ते सगळे डोळस. पेशंट म्हणतात, तुम्हाला काय कळणार!"

ताईने एवढंच विचारलं, "की-बोर्ड कसले आहेत?"

६ जानेवारी, मंगळवार

सिस्टिमने अपडेट मागितलं. मी उठेपर्यंत ताईने करूनसुद्धा टाकलं होतं! ई-मेलही लिहू लागलीय. भाच्याला लिहिलं, आमच्या जुन्या मशीनची तब्येत तुझ्यापेक्षा बरी आहे. तो फोन करून म्हणतो, "मोठ्या आत्याचं पत्र! मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं." दिवसभर टकटक ऐकू येते. कुणाला लिहितेस, असं मी विचारत नाही. आवाज असला की झालं.

११ जानेवारी, रविवार

शिकवायला येते, असं ताईने इस्पितळाला कळवून टाकलंय. परवाच. मला आज सांगितलं. पंधरा दिवसांनी वर्ग सुरू, राहायचं तिथेच, आवारात. "तुला आधी विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस."

म्हणाले असते.

मी म्हटलं, मशीन नीट बांधून देते. तर म्हणते, "नको, तिकडे आहेत त्यांची. हे राहू दे इथे. रोज सुरू करत जा. मी पत्र लिहीन, ते वाचून दाखवील."

"मला दिसतं की गं. मी वाचेन."

"माहितेय," ताई म्हणाली. "तरी ऐकत जा."