अकरा तासांची वाट

धाकट्या,

विमान तिकिटांच्या काउंटरवर बसून मला वीस वर्षं झाली. तुमच्याकडच्या विमानतळापासून आपल्याकडे नऊ हजार किलोमीटर, थेट विमानाने अकरा तास. झोपेतही सांगेन.

बाबा दवाखान्यात होते तेव्हा तू फोनवर म्हणालास, "ताई, रजेचं बघतो." मी बाबांना सांगितलं, निघालाय. तेवढ्यावर त्यांनी दोन घास खाल्ले. मग मला थांबताच येईना. एकदा तुझं विमान धुक्यात अडकवलं, दुसऱ्या दिवशी मधलं विमान चुकवलं, नंतर सामान हरवलं. गिऱ्हाइकांच्या सगळ्या कटकटी तुझ्या नावावर खपवल्या. बाबा नुसते "हं" म्हणायचे.

चौथ्या दिवशी त्यांनी माझा हात धरला. "पोरी, थेट विमान आहे ना? अकरा तासांचं, तूच सांगायचीस. किती फिरवशील त्याला? दमला असेल. आता सोड त्याला त्याच्या घरी."

संध्याकाळी ते गेले. शेवटचे चार दिवस ते शुद्धीवर नव्हते, असं मी तुला कळवलं. तेवढं एक खोटं तुझ्यासाठी राखून ठेवलंय, म्हणून हे पत्र काउंटरच्या खणातच राहील.

तुझी,
दमलेली ताई