चोवीस माणसांचं काम काय?

३ तारीख, सोमवार
धाकट्या जाऊबाईंचा घसा बसला. ग्रीक लोकांच्या जुन्या विनोदी नाटकांवर डॉक्टरेट आहे, पण खोकल्याला गरम पाणी मीच द्यायचं. शुक्रवारी कॉलेजात त्यांचा निबंध आहे. तो ऐकून प्राचार्य त्यांची नोकरी कायम करायची की नाही ते ठरवणार. जाऊबाईंनी चिठ्ठी लिहिली, "ताई, तुम्ही वाचून दाखवाल? तुमचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत जातो." व्याख्यानाचं निमंत्रण स्वीकारलं. मॅट्रिकला भाषेत मी पहिली होते.

४, मंगळवार. दुपार
प्रार्थना करून निबंध उघडला. बासष्ट पानं, एका बाजूला लिहिलेली! कागद काय झाडाला लागतात? ही नाटकं देवाच्या उत्सवात करत. इथवर ठीक. पण देव कसला, तर दारूचा. उठून हात धुतले. कोरसात, म्हणजे एकत्र गाणाऱ्या-नाचणाऱ्यांच्या ताफ्यात, चोवीस माणसं. चौघांत भागलं असतं. म्हणे खर्च एका श्रीमंताच्या गळ्यात मारत. त्याच्या बायकोला कोणी विचारलं होतं का, याबद्दल निबंधात अवाक्षर नाही. ह्याला संशोधन म्हणतात.

५, बुधवार
निबंध निवडायला घेतला. खडे काढल्याशिवाय मी काही शिजवत नाही. पोटावर नि मागे उशा बांधलेले नट : काढले. बायका झालेले पुरुष : काढले. नट कमरेखाली बांधत ती चामड्याची वस्तू : पान फाडणार होते, पण मागची बाजू कोरी होती. मध्येच कोरस नाटक सोडून प्रेक्षकांकडे वळतो आणि त्यांचीच खरडपट्टी काढतो. पुढारी समोर बसलेला असला तरी नाव घेऊन. पाहुणे बोलावून अपमान! आमच्या घरात चालायचं नाही. तेही काढलं.
ह्यांनी विचारलं, उरलं काय? म्हटलं, सार.

६, गुरुवार
तयारी झाली का, अशी जाऊबाईंची चिठ्ठी. चोख, म्हटलं. निवडलेलं दाखवलं नाही. आजारी माणसाला आनंदसुद्धा बेताने द्यावा.

७, शुक्रवार. संध्याकाळ
सार चार मिनिटांत संपलं. वेळ चाळीस मिनिटांची होती.
जाऊबाई पांढऱ्याफटक. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. मागचे दोन प्राध्यापक फिदीफिदी हसले. माझा तोल मुळीच गेला नाही. मी फक्त चार शब्द सुनावले. म्हटलं, "साहेब, घड्याळ कसलं बघता? ही सात वर्षं हंगामी राबतेय, तेव्हा कॅलेंडर बघितलं नाहीत." हसणाऱ्यांना विचारलं की जाऊबाईंची टिपणं वर्गात वाचून पगार घेताना हसू येतं का. हे पेंगत होते, त्यांनाही सोडलं नाही. मग एकेक रांग घेतली.
लोक हसू लागले. उपदेशाला हसणारे लोक! मी आवाज चढवला तर टाळ्या. जाऊबाई उठल्या आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं : 'प्रात्यक्षिक. कोरस प्रेक्षकांकडे वळतो.'
माझं व्याख्यान चालू असताना मध्येच फळा वापरणं मला आवडलं नाही.

१०, सोमवार
जाऊबाईंची नोकरी कायम झाली. माझ्यामुळे, हे उघड आहे. प्राचार्यांचं पत्र मागून घेऊन वाचलं. लिहितात, 'निबंध वाचून दाखवण्याऐवजी एका साध्या गृहिणीकडून हे सादर करवून घेण्याची आपली कल्पना विलक्षण. बाईंना आपण काय करत आहोत याचा पत्ताच नसल्याचा अभिनय तर अप्रतिम.'
जाऊबाईंना म्हटलं, पत्र दुरुस्त करून आणा. व्याख्याती म्हणून माझा उल्लेख हवा.
त्यांचा आवाज परत आला आहे. म्हणाल्या, "ताई, तुम्ही नसता तर नोकरी वाचली नसती." मी मान डोलावली. मग म्हणाल्या, "आणि तुम्ही नसता तर ती धोक्यातही आली नसती."
मी गरम पाणी ठेवायला आत गेले. शुक्रवारी छत्तीस मिनिटं बोलायला सुचत होतं.